गिरगावात कोरोनेशन थेटर शोधायला गेलो होतो (सोलापूरकरांनो, या इकडं)

मेकॅनिकचौक (धागाकर्ता)

मंडळी, मागच्या आठवड्यात भाचीच्या परीक्षेसाठी मुंबईला जाणं झालं. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं पहाटे उतरलो, पोरगी सेंटरच्या आत गेली आणि मला तीन तास मोकळे. आता तीन तासात माणूस चौपाटी बघतो, मी म्हटलं कोरोनेशन बघू. म्हणजे ज्या थेटरात ३ मे १९१३ ला फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र लागला ते. शाळेपासून नाव ऐकतोय, जागा कुठाय ते तरी बघावं.

पुस्तकात पत्ता दिलाय सँडहर्स्ट रोड. मग मी काय केलं, लोकल पकडली आणि सँडहर्स्ट रोड स्टेशनला उतरलो. हसू नका. स्टेशन डोंगरीच्या अंगाला आणि थेटर होतं गिरगावच्या टोकाला, रस्ता तोच पण मधे अख्खी मुंबई. आणि रस्त्याचं नाव तरी कुठं तेच राहिलंय, आता सरदार वल्लभभाई पटेल रोड, सगळे एसव्हीपी रोड म्हणतात. म्हटलं आलोच आहे तर चालू. डोंगरी, मग गोल देऊळ, मग खेतवाडी असं करत करत प्रार्थना समाजपर्यंत घामाघूम होऊन पोचलो. तिथं एका पानवाल्याला विचारलं, "इथं कोरोनेशन थेटर कुठं होतं हो?" तो म्हणाला, "कोरोना में सब बंद हो गया साब."

पाटी नाही, दगड नाही, काही नाही. दोन्ही फुटपाथवर दोनदा फिरलो. चहा प्यालो आणि परत आलो.

माझा प्रश्न असा की देशातला एवढा मोठा पिक्चर जिथं लागला ते थेटर एवढ्यात असं पुसून कसं काय जातं? आणि आपल्या सोलापुरात पण तसंच झालंय का, जाणकारांनी लिहा.

शेंगाचटणी

तीन तास उन्हात चालून एक चहा. चौपाटीला गेला असतास तर भेळ तरी मिळाली असती बे 😂

पानवाला एक नंबर.

जरीकाठ

चांगला धागा. मी थोडं लिहितो, हा माझा आवडीचा विषय आहे आणि घरात कोणी ऐकत नाही.

कोरोनेशनचं पूर्ण नाव 'कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ अँड व्हरायटी हॉल'. यातला शेवटचा शब्द नीट बघा, व्हरायटी हॉल. आपण आज थेटर म्हटलं की पिक्चरसाठीच बांधलेली इमारत डोळ्यापुढं आणतो. तेव्हा तसं नव्हतं, पिक्चर हा कार्यक्रमातला एक आयटम असायचा. राजा हरिश्चंद्रच्या वेळची जाहिरात बघितली तर हरिश्चंद्राच्या जोडीला मिस आयरीन डेलमारचा नाच, मॅक्लेमेंट्स म्हणून एका जोडीचं विनोदी स्किट, टिप-टॉप कॉमिक्स आणि ॲलेक्झांडर नावाचा 'फुट जगलर', म्हणजे पायानं वस्तू उडवून झेलणारा. तारामतीचा शोक चाललाय आणि पुढच्या दहा मिनिटांनी हा गडी उताणा पडून पायावर काहीतरी फिरवतोय! चार खेळ, ६, ८, १० आणि पावणेबारा. तिकिटाचे दर नेहमीच्या दुप्पट. एका आठवड्यासाठी लावला होता तो २३ दिवस चालला, आणि तेव्हा तेवढं म्हणजे खूप, कारण पिक्चर दोन-चार दिवसांनी बदलायचीच पद्धत होती.

आता जागेचं. मुंबईत १८९६ ला प्लेग आला, त्यानंतर १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि त्यांनी दाट वस्त्या फोडून रुंद रस्ते काढले, हवा खेळावी म्हणून. सँडहर्स्ट रोड त्यातलाच, १९१० च्या सुमाराला पुरा झाला. नवीन रस्ता म्हणजे दोन्ही बाजूला मोकळे प्लॉट, बाजूला गिरगावची चाळकरी वस्ती, आणि पलीकडं ग्रँट रोडला नाटकवाले आधीपासून बसलेले. खेळ लावायला याहून चांगली जागा कुठली? पण माझ्या मते मरणाचं कारणही तेच. नव्या रस्त्यावरचा प्लॉट वर्षागणिक महाग होत जातो, मालकाला तिथं चार मजली चाळ किंवा दुकानं घातली की जास्त भाडं. खेळवाला भाडेकरू, त्याचा जीव कशात तर मशीन, पडदा आणि खुर्च्या. ते उचलून दुसरीकडं नेता येतं. तेव्हा "थेटर पुसलं गेलं" हे आपण म्हणतो, त्यांच्या दृष्टीनं ते दुकान हलवणं होतं.

गंमत म्हणजे फाळक्यांना ज्या पिक्चरनं वेड लावलं तो येशूचा पिक्चर त्यांनी गिरगावातच बघितला, अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये. नावात पॅलेस. तोही गेला.

लालपरी_सोलापूर

एक दुरुस्ती, कोरोनेशनचं नाव घ्यायचं तर फाळक्यांच्या आधी दादासाहेब तोरण्यांचं घ्या. १८ मे १९१२, श्री पुंडलिक, ह्याच थेटरात. फाळक्यांच्या जवळजवळ वर्षभर आधी. मालवणचा माणूस म्हणून त्याला कोणी विचारत नाही.

जरीकाठ

विचारतात की. वाद इतकाच की पुंडलिक हे स्टेजवरचं नाटक होतं, कॅमेरा एका जागी ठेवून शूट केलं, कॅमेरामन परदेशी, निगेटिव्ह धुवायला लंडनला गेली. फाळक्यांनी लिहिणं, शूटिंग, धुणं, जोडणं सगळं इथं घरात केलं. म्हणून देशातला पहिला पिक्चर फाळक्यांचा धरतात.

लालपरी_सोलापूर

धुवायला लंडनला पाठवली म्हणून पिक्चर लंडनचा होतो का? आमच्या लग्नाची कॅसेट पुण्यात मिक्सिंग झाली, म्हणून लग्न पुण्यात झालं का मग?

जरीकाठ

😄 हा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण धाग्यापुरतं दोघंही कोरोनेशनचेच. थेटरचे नानासाहेब चित्रे तोरण्यांच्याही मागं होते आणि फाळक्यांचा पिक्चर लावायलाही तेच पुढं आले. २१ एप्रिलला ग्रँट रोडच्या ऑलिंपियात निमंत्रितांसाठी खेळ झाला, तिथं बघितला आणि म्हणाले आमच्याकडं लावा. म्हणजे थेटर वाचलं नाही पण थेटरवाल्याची नजर पक्की होती. असल्या माणसावर कोणी चार ओळी लिहीत नाही.

पूर्वभाग

आमच्या घरातली एक गोष्ट सांगते, मुंबईची नाही, इथलीच.

माझे पणजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आले, नंतर मिलमध्ये लागले. मराठी बोलता यायचं नाही धड, वाचायचा प्रश्नच नाही. ते मुक्या सिनेमाला जायचे, तंबूत. आजी सांगायची की पडद्यावर अक्षरं आली की तंबूत एकदम गलका व्हायचा, कारण ज्याला वाचता येतं तो मोठ्यानं वाचणार, त्याच्या शेजारचा ते कानडीत सांगणार, मागचा तेलुगूत सांगणार, तोपर्यंत अक्षरं जाऊन राक्षस आलेला असायचा. पणजोबांचं म्हणणं होतं की त्यामुळं प्रत्येक भाषेत गोष्ट थोडी वेगळी असायची. त्यांनी बघितलेल्या एका पिक्चरमध्ये नवरा मरतो, शेजारच्या कानडी माणसाच्या मते तो गावाला जातो. यावरून दोघांची भांडणं झाली आणि पुढं चाळीस वर्षं दोस्ती.

सोलापुरात आजही तेलुगू पिक्चर लागतात आणि आमच्या पूर्व भागातली पोरं शिट्ट्या मारत जातात. बाकीच्या महाराष्ट्राला याचं नवल वाटतं, आम्हाला नवल काय त्यात.

शेंगाचटणी

नवरा गावाला जातो 😂😂 हे भारी आहे ताई.

अक्कलकोटरोड

तंबूवरून आठवलं. आमच्या गावच्या जत्रेत टुरिंग यायचं, मी पाचवी-सहावीत असेन. दिवसभर गाडीवर भोंगा बांधून गावात आणि वाड्यावस्त्यांवर फिरायचे, "आजच्या खेळाला अवश्य या". रात्री जेवणं झाल्यावर आम्ही पोतं घेऊन जायचो, बसायला. मधोमध कनात, एका अंगाला बाया, एका अंगाला पुरुष. जनरेटर लांब उभा करायचे तरी त्याचा फटफट आवाज हिरोच्या डायलॉगमधे यायचाच. आणि मशीन तंबूतच, आमच्या पाठीमागं, उघडं. मी अर्धा पिक्चर मागं तोंड करून बघितलाय. त्या उजेडाच्या पट्ट्यात बिड्यांचा धूर आणि धूळ अशी वर चढत असायची की पडद्यावर काय चाललंय याची शुद्धच नसायची.

चार दिवसांनी सकाळी उठून बघावं तर तंबू नाही. नुसत्या खुंट्यांची भोकं. जरीकाठ म्हणतात तसंच, दुकान हलवलं.

जुनीमिलचा_भोंगा

माझे मामा ऑपरेटर होते, आपल्या गावातल्याच एका थेटरला, तीस वर्षं. आता वय ८१. हा धागा त्यांना काल वाचून दाखवला, त्यांचं जे म्हणणं आहे ते त्यांच्याच बोलीत टाईप करतो.

"पयल्या जमान्यातली थेटरं जळायची, हे लिही आधी. तवाची फिलम नायट्रेटची, ती पेटली की पाणी मारून इझत नाही. आन मशीनमधे उजेड कशाचा, तर कार्बनचा. दोन कांड्या समोरासमोर, मधे फट ठेवायची, तिथं ठिणगीचा जाळ. त्या जाळाच्या समोरनं फिलम पळती. पळती तवर ठीक. अडकली की त्या चौकोनात आधी तपकिरी डाग येतो, मग बुडबुडा, मग भोक. पडद्यावर पब्लिकला ते दिसतं पण. आमच्या टायमाला शेफ्टी फिलम होती म्हणून भोकावर भागायचं, वरडायची पब्लिक, आम्ही कापून शिमेंट लावून जोडायचो. नायट्रेट असती तर केबिनच गेली."

हे ऐकून मी शोधलं, तर पॅरिसला १८९७ मध्ये एका धर्मादाय बाजारात सिनेमाच्या दिव्यापायी आग लागून १२६ माणसं गेली होती. आपल्याकडं १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आला तो पिक्चर तपासायलाच आला असं आपल्याला वाटतं, पण त्यात जागेच्या लायसनची भानगडही होती, सुरक्षिततेचे नियम पाळल्याशिवाय खेळ लावायचा नाही. मोकळ्या प्लॉटवर काहीतरी उभं करून खेळ लावणाऱ्यांची पंचाईत तिथंच सुरू झाली असणार.

मेकॅनिकचौक (धागाकर्ता)

भोंगासाहेब, मामांना दंडवत. त्यांना एक विचारा ना, राजा हरिश्चंद्र नेमका किती वेळाचा होता? एका ठिकाणी ४० मिनिटं दिलंय, एका ठिकाणी तासभर. आणि खेळ तर दोन-दोन तासांच्या अंतरानं.

जुनीमिलचा_भोंगा

विचारलं. मामा म्हणाले "मिनिटं नको सांगू, फूट सांग."

फूट आहे ३७००, चार रिळं. मग त्यांनी मला कागद-पेन्सिल आणायला लावली. ३५ एमएमच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे १६ फोटो, बसतात. मूकपटाचा वेग साधारण सेकंदाला १६ फ्रेम, म्हणजे बरोबर एका सेकंदाला एक फूट. हिशोब सोप्पा, ३७०० फूट म्हणजे ३७०० सेकंद, एक तास दोन मिनिटं. बोलपट आल्यावर वेग झाला २४, आवाजासाठी. तेच ३७०० फूट २४ च्या वेगानं पळवले तर ४१ मिनिटं. म्हणजे दोन्ही आकडे एकाच पिक्चरचे, मशीन वेगळं.

एक तास हरिश्चंद्र, वर नाच, स्किट आणि तो पायवाला. सहाचा खेळ साडेसात-पावणेआठला सुटणार, आठचा भरणार. बसलं का गणित?

लालपरी_सोलापूर

मामांना माझ्याकडून चहा.

जरीकाठ

क्या बात है. मग हेही बघा. पुढं सुरतेला हरिश्चंद्र लागला तेव्हा पहिल्या दिवशी गल्ला तीन रुपये झाला असं सांगतात. लोक म्हणायचे दोन आण्यात सहा तासांचं नाटक बघायला मिळतं, तासाभराच्या खेळाला तीन आणे कशाला देऊ. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली, "५७,००० फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यात", आणि गल्ला तीनशेवर गेला. ही गोष्ट मी शंभर वेळा वाचली असेन पण आकडे कधी तपासले नव्हते. मामांच्या रीतीनं ५७,००० भागिले १६, आले ३५६२ फूट. म्हणजे फोटोंचा आकडा जवळजवळ खरा आहे! पण मैल म्हणजे ५२८० फूट, दोन मैल व्हायला साडेदहा हजार फूट पाहिजेत. चित्र पाऊण मैलसुद्धा नाही.

शेंगाचटणी

म्हणजे फाळक्यांनी फोटो खरे सांगितले आणि मैल फेकले. आपल्या मार्केटमधे चादर विकली असती त्यांनी.

पूर्वभाग

चादरवाला लांबीत नाही फेकत, ती मोजता येते. रंग जाणार नाही म्हणतो.

अक्कलकोटरोड

मूळ प्रश्नाकडं येतो. ज्या पहिल्या थेटरांना आग, लायसन, भाडं यातलं काहीच नडलं नाही त्यांना बोलपटानं गाठलं. आलमआरा १४ मार्च १९३१ ला गिरगावच्याच मॅजेस्टिकमध्ये लागला. आवाजाचं मशीन परदेशी आणि महाग, त्यात साध्या पत्र्याच्या हॉलमधे आवाज घुमतो, म्हणजे बांधकामही बदला. ज्याच्याकडं तेवढं भांडवल नाही त्यानं बंद करायचं किंवा तंबू घेऊन गावोगाव फिरायचं. मुक्या पिक्चरला साथ करणारे पेटी-तबलेवाले बसले घरी ते वेगळंच. आणि गंमत बघा, ते मॅजेस्टिक पण राहिलं नाही, त्या जागेवर शॉपिंग सेंटर आहे, नाव तेवढं मॅजेस्टिक. धागाकर्ते, तुम्ही प्रार्थना समाजपर्यंत गेलाच होता, थोडं पुढं गेला असता तर निदान नावाची पाटी तरी बघितली असती.

उलट ७ जुलै १८९६ ला ल्युमिएरवाल्यांचा आपल्याकडचा पहिला सिनेमाचा खेळ ज्या वॉटसन हॉटेलात झाला ती इमारत अजून उभी आहे, टेकू लावून का होईना. तिथं सिनेमा पाहुणा होता. जिथं तो घरचा होता ती घरं गेली.

मेकॅनिकचौक (धागाकर्ता)

हे वॉटसनचं ध्यानातच आलं नाही. सीएसएमटीहून तर चालत जाण्याएवढं. गेलो कुठं तर डोंगरीला.

आपल्याकडचं भागवतचं आवार मात्र मला या सगळ्यात वेगळं वाटतं. उमा मंदिर, कला मंदिर, छाया मंदिर, चित्र मंदिर, सगळं एका कंपाउंडात. मल्टिप्लेक्स हा शब्द आपण ऐकायच्या आधीपासून. एकाचं हाऊसफुल्ल लागलं की पब्लिक तिथल्या तिथं वळून दुसऱ्या खिडकीला जायचं, घरी परत कोणी जात नव्हतं. मी स्वतः एका पिक्चरला निघून दुसरा बघून आलोय कितीतरी वेळा, आणि घरी पहिल्याचीच स्टोरी सांगितलीय. जागा स्वतःची, पडदे अनेक. टिकायचं तर असं.

लालपरी_सोलापूर

टिकायला मिलची पण मदत झाली हो. जुनी मिल १८७७ ची, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. हजारो माणसं पाळीवर. भोंगा झाला की एक पाळी सुटणार, पगार रोख, बायको गावाकडं. तो माणूस जाणार कुठं? सोलापुरात पिक्चर चालायला हिरो लागत नव्हता, पगाराची तारीख लागत होती.

जुनीमिलचा_भोंगा

मामा म्हणतात शंभर टक्के. पगाराच्या आठवड्यात रद्दी पिक्चर पण फुल्ल, आणि महिनाअखेरीला चांगला पिक्चर लावला तर मालक मॅनेजरवर खेकसायचा.

अजून एक. मामांना मी मोबाईलवर हरिश्चंद्राची उरलेली रिळं दाखवली, पहिलं आणि शेवटचं, पुण्याच्या फिल्म अर्काइव्हनं जपलेली. काही लोक म्हणतात ही १९१७ ला फाळक्यांनी परत काढलेल्या पिक्चरची आहेत, तो वाद सोडा. मामा दोन मिनिटं बघत बसले. राजा शिकारीला निघालाय, सगळे तुरुतुरु चाललेत. माझा पोरगा हसायला लागला. मामा त्याला म्हणाले, "हसू नको बे. ती माणसं तशी चालत नव्हती, मशीनवाल्यानं पळवलंय. चोवीसनं सोडलंय त्यानं, सोळाला पायजे."

मग त्यांनी फोन उशाला ठेवला आणि उजवा हात हवेत धरून फिरवायला लागले, केबिनमधे रीळ गुंडाळायचे तसा. हळू, एका लयीत. पोरानं विचारलं, "आजोबा, काय करायलाय?"

"गप. राजाला चालू दे."

शेंगाचटणी

भोंगा, मामा कुठं राहतात? रविवारी येतो, भेळ माझ्याकडून.

मेकॅनिकचौक (धागाकर्ता)

मी पण येतो. त्या पायवाल्या ॲलेक्झांडरबद्दल विचारायचंय, तो नेमकं काय फिरवत असेल पायावर? मामांचा अंदाज घेऊ.

जुनीमिलचा_भोंगा

आत्ताच विचारलं. म्हणाले, "पिंप."